दुसऱ्याच्या जागेवर

सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या इतिहासात १ फेब्रुवारी या तारखेने दोनदा एकच खेळ केला. २००९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पात आणि २०१५ साली ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये, चढाई करणारा संघ गोलरेषेपासून जेमतेम एका यार्डावर येऊन ठेपला होता. आता गुण झालेच, असं बघणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दोन्ही वेळा क्वार्टरबॅकने चेंडू फेकला आणि दोन्ही वेळा तो बचाव करणाऱ्या संघातल्या भलत्याच माणसाच्या हातात जाऊन विसावला. पहिल्या वेळी तो माणूस होता पिट्सबर्ग स्टीलर्सचा जेम्स हॅरिसन, दुसऱ्या वेळी न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा माल्कम बटलर. दोघांत आणखी एक साम्य होतं. कॉलेजातून बाहेर पडले त्या वर्षी एनएफएलच्या ३२ पैकी एकाही संघाने या दोघांचं नाव पुकारलं नव्हतं.

एनएफएल ही व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलची लीग दर एप्रिलमध्ये नव्या खेळाडूंची निवड करते. तिला ड्राफ्ट म्हणतात. आयपीएलच्या लिलावाला सरावलेल्या वाचकाला हा प्रकार वेगळा वाटेल, कारण इथे बोली लागत नाही. आदल्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिलं नाव घेतो, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा, आणि अशा सात फेऱ्या होतात. ज्या संघाने नाव घेतलं त्याच्याकडे मुकाट्याने जायचं. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली, आणि गंमत अशी की तेव्हा ज्याचं नाव सगळ्यांत आधी घेतलं तो जे बर्वँगर एनएफएलचा एकही सामना खेळला नाही.

सात फेऱ्या संपतात तेव्हा अडीचशेच्या आसपास मुलं मार्गी लागलेली असतात. उरलेल्यांचे फोन पुढच्या काही मिनिटांत वाजतात, किंवा वाजतच नाहीत. वाजले तरी पदरात पडतं ते सराव शिबिराचं आमंत्रण आणि हातावर टेकवल्यासारखी रक्कम. अंतिम संघात ५३ जणांनाच जागा असते. शिबिरात त्याहून कितीतरी जास्त मुलं घाम गाळत असतात. ज्याच्यावर पहिल्या फेरीची संधी आणि लाखो डॉलर खर्ची पडलेत, त्याच्या चुका संघ पोटात घालतो. न निवडलेल्या पोराची पहिली चूक बऱ्याचदा शेवटची ठरते.

२००२ च्या ड्राफ्टमध्ये २६१ नावं पुकारली गेली. दुसऱ्या क्रमांकावर ज्युलियस पेपर्स, अकराव्या क्रमांकावर ड्वाइट फ्रीनी. समोरच्या क्वार्टरबॅकला गाठून लोळवण्यात दोघेही तरबेज. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचा हॅरिसनही त्याच कामातला. २६१ जणांत तो नव्हता.

ॲक्रन हे ओहायोतलं टायरच्या कारखान्यांचं शहर. ४ मे १९७८ रोजी तिथे जन्मलेला हॅरिसन म्हणजे १४ भावंडांतलं शेंडेफळ. शाळेच्या मैदानावर त्याला तोड नव्हती आणि मैदानाबाहेर त्याच्याबद्दलच्या तक्रारींना अंत नव्हता. निलंबनं झाली, छऱ्याच्या बंदुकीचं एक प्रकरण अंगाशी आलं, आणि आधी घुटमळणाऱ्या मोठमोठ्या विद्यापीठांनी पाठ फिरवली. मग उरलं ते घराजवळचं केंट स्टेट. हे नाव जगाला ठाऊक आहे ते १९७० साली युद्धाविरोधात निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबारामुळे. फुटबॉलमध्ये ते दुसऱ्या रांगेतलं. सत्तरच्या दशकात स्टीलर्सकडून गाजलेला जॅक लॅम्बर्ट इथूनच गेला होता खरा, पण त्याला आता तीन दशकं होत आली होती.

हॅरिसनची अडचण शरीराच्या मापाची होती. त्याची जागा ‘आउटसाइड लाइनबॅकर’ची, म्हणजे बचावाच्या कडेला उभं राहून कधी क्वार्टरबॅकवर झेप घ्यायची, तर कधी मागे सरकून फेकलेला चेंडू अडवायचा. या जागेसाठी संघांना सव्वासहा फुटी, लांब हातांची माणसं लागतात, कारण समोर आडवा येणारा ‘टॅकल’ साडेसहा फुटांचा आणि दीडशे किलोच्या घरातला असतो. हॅरिसन सहा फुटांचा, वजन ११० किलो. कागदावर बघितलं तर पुढच्या ओळीसाठी बुटका आणि मधल्या फळीसाठी जड. पुढे याच उंचीने त्याला मोठं केलं. तो आधीच खाली असलेल्या खांद्यांनी आणखी वाकून टॅकलच्या काखेखालून शिरायचा आणि तो उंच गडी त्याला वरून नुसता चाचपडत राहायचा. हे टेपपट्टीने मोजता येत नाही. आणि ओळखू यायला जो काळ लागतो, तो न निवडलेल्याला कोण देतो?

स्टीलर्सने त्याला शिबिराला बोलावलं आणि मग काढून टाकलं. पुन्हा बोलावलं, पुन्हा काढलं. स्टीलर्सने तीनदा आणि बाल्टिमोर रेव्हन्सने एकदा, असा चार वेळा त्याला नारळ मिळाला. यात संघांचा मूर्खपणा होता असं म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. स्टीलर्सचा बचाव तेव्हा लीगमधल्या अत्यंत गुंतागुंतीच्या बचावांपैकी एक होता, आणि हॅरिसनला तो पाठच होत नव्हता. सहकाऱ्यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी की सरावात चाल समजली नाही की हा गडी चालू खेळात थांबायचा, हात वर करायचा आणि मला बाहेर काढा म्हणून प्रशिक्षकांवर ओरडायचा. अशा मुलाला कोण ठेवून घेईल?

२००४ च्या वसंतात रेव्हन्सने त्याला युरोपात धाडलं. एनएफएल तेव्हा तिकडे एक कनिष्ठ लीग चालवत होती. पुढे २००७ मध्ये ती गुंडाळली गेली. जर्मनीच्या ऱ्हाइन फायर संघाकडून हॅरिसन खेळला, परत आला आणि रेव्हन्सनेही त्याला मोकळं केलं. वय २६. आता खेळ सोडून पोटापाण्याचं दुसरं काही बघावं, इथपर्यंत तो आला होता.

तेवढ्यात पिट्सबर्गमध्ये क्लार्क हॅगन्सचा हात मोडला, तोही व्यायामशाळेत वजन उचलताना. शिबिर तोंडावर आलं होतं आणि स्टीलर्सला एक माणूस कमी पडत होता. आपली पद्धत ठाऊक असलेला, लगेच मिळणारा आणि स्वस्त असा माणूस कोण, तर हॅरिसन. त्याला चौथ्यांदा बोलावणं आलं. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला क्लीव्हलँडमध्ये सामन्याआधीच्या सरावात स्टीलर्सचा जोई पोर्टर आणि क्लीव्हलँड ब्राउन्सचा विल्यम ग्रीन यांची मारामारी जुंपली. पंचांनी दोघांनाही खेळ सुरू होण्याआधीच बाहेर काढलं आणि पोर्टरच्या जागी हॅरिसन उतरला. सुरुवातीपासून खेळण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

त्याच्या कारकिर्दीचा आलेख काढायचा तर तो दुसऱ्यांच्या दुखापतींवरून आणि शिक्षांवरून काढावा लागतो. कुणाचा तरी हात मोडतो, कुणाचं तरी डोकं फिरतं, कुणाचा तरी करार महाग होतो, आणि एक जागा रिकामी होते. निवडून आलेल्या खेळाडूसाठी संघ जागा तयार करतो. दुसऱ्याला ती रिकामी व्हायची वाट बघावी लागते, आणि ती ज्या क्षणी रिकामी होईल त्या क्षणी आपण तयार असावं लागतं, कारण ती किती वेळ रिकामी राहील हे कुणीच सांगत नाही. नुसती जिद्द कामाला येते असं मात्र नाही. त्या शिबिरांतून हॅरिसनइतकेच जिद्दी शेकडो जण घरी गेले आहेत. त्यांच्या वेळी कुणाचा हात मोडला नाही, एवढंच.

पिट्सबर्गच्या बाहेर त्याचं नाव पहिल्यांदा झालं ते भलत्याच कारणाने. २००५ च्या २४ डिसेंबरला क्लीव्हलँडमध्येच स्टीलर्स ब्राउन्सला ४१-० असे तुडवत असताना एक प्रेक्षक मैदानात घुसला. हॅरिसनने त्याला उचललं, जमिनीवर आपटलं आणि रक्षक येईपर्यंत दाबून धरलं. ही चित्रफीत अजून फिरते. सहा आठवड्यांनी स्टीलर्स सुपर बोल जिंकले. त्या सामन्यात ७५ यार्ड धावून विक्रम करणारा विली पार्करही न निवडलेलाच होता, पण त्याला संघात येऊन दीडच वर्ष झालं होतं. हॅरिसन अजून राखीवच.

२००७ मध्ये पोर्टरचा करार महाग पडू लागला तेव्हा स्टीलर्सने त्याला सोडलं आणि ती जागा कायमची हॅरिसनकडे आली. वय २९. या खेळात लाइनबॅकर या वयात उताराला लागलेले असतात. त्या वर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात पिट्सबर्गला आले ते बाल्टिमोर रेव्हन्स, म्हणजे त्याला नारळ देणारा दुसरा संघ. हॅरिसनने साडेतीन सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू असतानाच त्याला लोळवलं. अर्धा हिशेब सहकाऱ्याबरोबरच्या भागीदारीचा. शिवाय तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातून उडवला, एकदा पडलेला उचलला आणि एकदा फेकलेला मधल्यामध्ये पळवला. स्टीलर्स ३८-७ ने जिंकले. बचावातल्या खेळाडूची एका सामन्यातली इतकी भरगच्च नोंद क्वचितच सापडते.

त्याच्या आधीही या वाटेने काहीजण गेले होते. टेक्सासच्या हर्न गावचा जॉन रँडल १९९० साली आला तेव्हा ड्राफ्टच्या बारा फेऱ्या होत्या. बाराही फेऱ्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही, कारण पुढच्या ओळीसाठी तो हलका होता. मिनेसोटा व्हायकिंग्जने वजन वाढवून ये म्हणून सांगितलं, तेव्हा हा पठ्ठ्या कपड्यांखाली लोखंडी साखळी लपवून काट्यावर उभा राहिला. त्याच्या नावावर शेवटी १३७.५ सॅक जमा झाले आणि २०१० मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. रँडलची गोष्ट सांगायला गोड आहे. हॅरिसनची तशी नाही.

२००८ च्या मार्चमध्ये घरगुती हिंसेच्या आरोपावरून त्याला अटक झाली. रागावरच्या समुपदेशनाचा कार्यक्रम पूर्ण केल्यावर आरोप मागे घेण्यात आले. त्याच महिन्यात स्टीलर्सने तशाच एका प्रकरणात दुसऱ्या खेळाडूला काढून टाकलं होतं. हॅरिसनला मात्र ठेवलं, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच होती. चार वेळा सहज सोडून दिलेला माणूस आता संघाला सोडवत नव्हता. त्या मोसमात त्याने १६ सॅक केले, सात वेळा प्रतिस्पर्ध्यांच्या हातून चेंडू उडवला आणि वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. हा मान मिळवणारा तो पहिला न निवडलेला खेळाडू.

आणि मग आली टॅम्पाची रात्र. मध्यंतराला १८ सेकंद उरलेले, स्टीलर्स १०-७ ने पुढे, पण ॲरिझोना कार्डिनल्स त्यांच्या गोलरेषेपासून एका यार्डावर. कार्डिनल्सचा क्वार्टरबॅक होता कर्ट वॉर्नर. तोही ड्राफ्टमध्ये न निवडलेला. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जागा मिळेना तेव्हा आयोवातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा. स्टीलर्सची चाल अशी होती की हॅरिसनने इतरांबरोबर थेट वॉर्नरवर तुटून पडायचं. हॅरिसनने दोन पावलं पुढे टाकल्याचं दाखवलं आणि मागे सरकला. वॉर्नर घाईत डावीकडे जवळचा पास देणार, हे त्याने ताडलं होतं. ज्या माणसाला पाच वर्षांपूर्वी ठरलेली चाल आठवत नव्हती, त्याने सुपर बोलमध्ये ठरलेली चाल समजून-उमजून मोडली. वॉर्नरला तो दिसलाच नाही.

चेंडू थेट हातात आला आणि समोर शंभर यार्ड मैदान पसरलं होतं. धावणं हे या माणसाचं काम नव्हे. सहकारी त्याच्या पुढे धावत एकेका कार्डिनलला आडवं पाडत होते. कार्डिनल्सचा लॅरी फिट्झजेराल्ड सीमारेषेच्या कडेने हॅरिसनचा पाठलाग करत होता. वाटेत फिट्झजेराल्ड आपल्याच संघातल्या एकाला धडकला आणि दोन पावलं मागे पडला. घड्याळ संपलं तरी धाव चालूच होती. गोलरेषेवर फिट्झजेराल्ड आणि स्टीव्ह ब्रेस्टन यांनी गाठलंच, पण हॅरिसन त्यांना घेऊन आत कोसळला. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहिली आणि गुण कायम ठेवले. हॅरिसन उताणा पडून धापा टाकत होता, नंतर त्याला प्राणवायू द्यावा लागला. सुपर बोलमधली तोवरची ती सर्वांत लांब धाव. १०-१४ होऊ शकला असता तो फलक १७-७ झाला, आणि स्टीलर्स अखेर २७-२३ ने जिंकले. सामन्याचा मानकरी सँटोनियो होम्स ठरला. त्याच सामन्याच्या शेवटच्या भागात हॅरिसनने खाली पडलेल्या एका प्रतिस्पर्ध्याला ठोसे लगावून संघाला दंडही करवून घेतला होता. शंभर यार्डांची धाव आणि ते ठोसे एकाच रात्रीचे, एकाच माणसाचे. पुढच्या एप्रिलमध्ये सहा वर्षांसाठी ५ कोटी डॉलरहून मोठा करार त्याच्यासमोर आला.

२०१० पर्यंत मात्र एनएफएलचं वारं फिरलं होतं, आणि त्याची सुरुवात पिट्सबर्गमध्येच झाली होती. हॅरिसन शहरात आला त्या २००२ च्या सप्टेंबरमध्ये स्टीलर्सचा जुना सेंटर माइक वेबस्टर ५० व्या वर्षी वारला. अखेरच्या काळात त्याचं मन पार ढळलं होतं. त्याच्या मेंदूची तपासणी तिथल्या शवचिकित्सा कार्यालयातल्या बेनेट ओमालू या नायजेरियन डॉक्टरने केली, आणि डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या दणक्यांच्या खुणा त्यात सापडल्या. २०१५ च्या ‘कन्कशन’ चित्रपटात विल स्मिथने रंगवलाय तो हाच डॉक्टर. लीगने आधी हे झटकून टाकलं. ते झटकता येईना, तेव्हा डोक्यावर डोकं आपटणाऱ्या खेळाडूंना जबर दंड लावायला सुरुवात केली.

१७ ऑक्टोबर २०१० रोजी हॅरिसनने एकाच सामन्यात ब्राउन्सच्या दोघांना सामन्याबाहेर घालवलं. त्यातला जोश क्रिब्ज हा केंट स्टेटमधला त्याचा जुना सहकारी, आणि तोही न निवडलेलाच. दुसऱ्या खेळाडूवरच्या धडकेबद्दल ७५ हजार डॉलर दंड झाला. हॅरिसन इतका बिथरला की निवृत्तीची भाषा करत एक दिवस सरावालाच गेला नाही. मौज अशी की ज्या धडकेबद्दल लीगने दंड केला, तिचंच छायाचित्र लीगच्या संकेतस्थळावर विकायला होतं. बोभाटा झाल्यावर ते काढलं. हॅरिसनचा युक्तिवाद होता की या धडकांसाठीच तुम्ही मला पैसे देत होता. यात तथ्य होतं. पण समोरच्याचा मेंदू हा नियमांच्या वादाचा विषय नसतो, हेही तेवढंच खरं, आणि हॅरिसनला ते कधी पटलं असं दिसत नाही. २०११ मध्ये एका मासिकाच्या मुलाखतीत त्याने लीगच्या आयुक्तांना शिव्या घातल्या. त्याच डिसेंबरमध्ये कोल्ट मॅककॉय या क्वार्टरबॅकच्या जबड्यावर त्याचं हेल्मेट आदळलं आणि हॅरिसनला एका सामन्यासाठी बसवण्यात आलं. मॅककॉयला दोनच चालींनंतर, धड तपासणी न करता पुन्हा मैदानात पाठवलं होतं. त्या प्रकारानंतर लीगने खेळाडूंवर वरून नजर ठेवायला स्वतंत्र माणसं नेमली.

न निवडलेल्या बचावपटूंच्या जुन्या पिढीतला विली वुड याच काळात वॉशिंग्टनमधल्या एका शुश्रूषागृहात दिवस काढत होता. १९६० साली वीस फेऱ्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून त्याने स्वतःच संघांना पत्रं लिहिली. ग्रीन बे पॅकर्सने बोलावलं. १५ जानेवारी १९६७ च्या पहिल्यावहिल्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीच्या लेन डॉसनने फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पळवून तो ५० यार्ड धावला, आणि अटीतटीचा चाललेला सामना तिथून एकतर्फी झाला. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा वार्ताहर त्याला भेटला तेव्हा वुडला तो सामना आठवत नव्हता. आपण त्यात होतो हेही नाही. २०२० मध्ये तो गेला.

माल्कम बटलरने टॅम्पानंतर सहा वर्षांनी, ग्लेनडेलमध्ये, जे केलं ते हॅरिसनपेक्षाही अचानक होतं. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा हा मुलगा. कनिष्ठ महाविद्यालयाच्या संघातून त्याला काढून टाकलं तेव्हा तो पोपाइज नावाच्या चिकनच्या दुकानात काम करायचा. पुढे वेस्ट अलाबामा या छोट्या विद्यापीठातून खेळला आणि २०१४ च्या मे महिन्यात नुसत्या चाचणीसाठी पेट्रियट्सकडे आला. अंतिम सामन्याआधीच्या सरावात प्रतिस्पर्धी सिअ‍ॅटलची नेमकी ती एक यार्डाची चाल त्याच्यासमोर खेळवली गेली होती आणि तो चकला होता. सामन्यात तो चकला नाही. सिअ‍ॅटलचा जर्मेन कर्स आणि त्याला रोखून धरणारा ब्रँडन ब्राउनर, चेंडू ज्याच्यासाठी फेकला तो रिकार्डो लॉकेट आणि त्याच्या पुढ्यातून चेंडू नेणारा बटलर, हे चौघेही ड्राफ्टमध्ये न निवडलेले. तो बटलरचा एनएफएलमधला पहिलाच पळवलेला चेंडू होता.

  

हॅरिसनचं पिट्सबर्गशी २०१३ मध्ये बिनसलं. पगार कमी कर म्हणाले, तो नाही म्हणाला, त्यांनी सोडलं. त्याची जागा भरायला स्टीलर्सने त्या वर्षी पहिल्या फेरीत जार्विस जोन्सला घेतलं. हॅरिसन एक मोसम सिनसिनाटीत काढून परतला आणि सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाला. तीन आठवडे होतात न होतात तोच जोन्सचं मनगट निखळलं आणि ३६ वर्षांच्या हॅरिसनला फोन गेला. ज्याला हॅरिसनच्या जागी आणलं, त्याच्याच जागी हॅरिसन. जोन्सने पिट्सबर्गमधल्या चार वर्षांत सहा सॅक केले. हॅरिसनने परतल्यावरच्या पहिल्याच अर्धवट मोसमात साडेपाच. २०१६ च्या २० नोव्हेंबरला, पुन्हा क्लीव्हलँडमध्येच, तो स्टीलर्सच्या इतिहासात सर्वाधिक सॅक करणारा खेळाडू झाला. मधल्या काळात त्याने घरातही आपला खाक्या चालवला होता: दोन लहान मुलांना नुसत्या सहभागाबद्दल मिळालेले चषक परत पाठवणार, असं त्याने २०१५ मध्ये जाहीर केलं आणि अमेरिकेतल्या पालकांत आठवडाभर तुंबळ वाद झाला.

जानेवारी २०१७ मध्ये कॅन्सस सिटीतला बाद फेरीचा सामना. स्टीलर्सचे १८ च्या १८ गुण क्रिस बॉसवेलने सहा किकवर मिळवलेले. तोही न निवडलेलाच. शेवटच्या तीन मिनिटांत कॅन्सस सिटीने टचडाउन केला आणि दोन गुणांचा जादा प्रयत्नही साधला. बरोबरी झाली होती, पण पंचाचं पिवळं फडकं मैदानात पडलेलं दिसलं. एरिक फिशरने ३८ वर्षांच्या हॅरिसनला गळ्याभोवती हात घालून धरलं होतं. फिशर म्हणजे २०१३ च्या ड्राफ्टमधला सगळ्यात पहिला, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. दोन गुण रद्द झाले, पुढचा प्रयत्न फसला, स्टीलर्स १८-१६ ने जिंकले.

पण त्याच वर्षी स्टीलर्सने टी. जे. वॉट नावाचा मुलगा पहिल्या फेरीत घेतला, आणि या वेळी निवड चुकली नव्हती. हॅरिसन बाकावर गेला. २३ डिसेंबर २०१७ रोजी त्याला काढण्यात आलं. तीन दिवसांत त्याने पेट्रियट्सशी, म्हणजे पिट्सबर्गच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी, करार केला. चाहते संतापले, मग जुन्या सहकाऱ्यांनीच सांगितलं की सोडा म्हणून तोच मागे लागला होता, बैठकांत झोपा काढत होता. हॅरिसननेही सुटका मागितल्याचं नाकारलं नाही. खेळायला मिळणार नसेल तर कशाला राहायचं, हा त्याचा हिशेब. पेट्रियट्सकडून पहिल्याच सामन्यात त्याने दोन सॅक केले.

४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलला मिनियापोलिसमध्ये पेट्रियट्सच्या बाजूला हॅरिसन आणि बटलर एकाच गणवेशात होते. बटलर मोसमभर जवळजवळ प्रत्येक क्षणी मैदानात असलेला. त्या रात्री प्रशिक्षक बिल बेलिचिकने त्याला बचावात एकदाही उतरवलं नाही आणि कारण धड कधीच सांगितलं नाही. राष्ट्रगीताच्या वेळी बटलरचे डोळे वाहताना कॅमेऱ्याने टिपले. ३९ वर्षांचा हॅरिसन खेळला. फिलाडेल्फियाने ४१ गुण ठोकून सामना घेतला. पुढच्या महिन्यात बटलरने टेनेसीशी ६ कोटी डॉलरच्या घरातला करार केला. एप्रिलमध्ये हॅरिसन निवृत्त झाला, या वेळी कायमचा.

त्याच्या नावावर ८४.५ सॅक आहेत. स्टीलर्ससाठीचा ८०.५ चा विक्रम वॉटने सप्टेंबर २०२३ मध्ये मोडला, समोर अर्थातच क्लीव्हलँड. २००६ चा मोसम संपला तेव्हा २००२ च्या ड्राफ्टमधल्या फ्रीनीचे पन्नासहून जास्त सॅक झाले होते, हॅरिसनचे चार. पुढच्या पाच मोसमांत हॅरिसनने ५४ केले. हॉल ऑफ फेमची निवड समिती एकूण आकडे बघते, आणि त्या आकड्यांत पहिली पाच वर्षं जवळपास कोरीच आहेत. २०२४ मध्ये फ्रीनी आणि पेपर्स दोघेही एकाच दिवशी तिथे दाखल झाले. २०२५ मध्ये केंट स्टेटमध्ये बास्केटबॉल खेळलेला आणि ड्राफ्टविनाच एनएफएलमध्ये शिरलेला अँटोनियो गेट्सही दाखल झाला. हे हॉल ऑफ फेम ओहायोतल्या कँटनमध्ये आहे. ॲक्रनहून गाडीने अर्धा तास.